पी-सात नंबरचा कागद

मॉलच्या तळघरात गाडी लावताना खांबावर ‘पी-७’ लिहिलेलं दिसलं, तर मी तिथे गाडी लावत नाही. पुढे जाते, आणखी दोन चकरा मारते. मागचे लोक हॉर्न वाजवून डोकं उठवतात, तरी लावत नाही. माझ्या नवऱ्याला हा निव्वळ वेडेपणा वाटतो. तो इंजिनियर आहे, त्याच्या लेखी खांब म्हणजे खांब. मी वकील आहे, आणि माझ्या लेखी पी-सात म्हणजे एक झेरॉक्स. एकच पान, खाली एका बाईची सही. तो कागद कोर्टात आत शिरला तेव्हा त्याला अडवण्याचं काम माझं होतं, आणि मी तेवढ्यासाठी उभी होते.

उभी होते म्हणणंही जास्तच झालं. अर्धी उठले होते.

‘ऑब्जेक्शन’ म्हटलं की लोकांना सिनेमातला वकील आठवतो, टेबलावर हात आपटणारा. आमच्या बंगळुरूच्या दिवाणी कोर्टात कोणी हात आपटत नाही. तिथे साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगतात आणि खाली बसलेली टायपिस्ट ते टाइप करते. मध्येच कोणीतरी कागद पुढे करतो. वादीचा असेल तर त्याला पी आणि आकडा मिळतो, प्रतिवादीचा असेल तर डी आणि आकडा. शिक्का बसतो आणि कागद खटल्यात येतो. कागद पुढे येणं आणि शिक्का बसणं यांच्यामध्ये जेमतेम एक श्वास घेण्याइतका वेळ असतो. तेवढ्यात उठून म्हणायचं असतं, “साहेब, हरकत आहे. ही नक्कल आहे, मूळ प्रत कुठे आहे?” नुसतं म्हणूनही भागत नाही. ते टाइप झालं की नाही हे मान वाकडी करून टायपिस्टच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघावं लागतं. हवेत घेतलेली हरकत ही हरकत नसते.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी अण्णा म्हणायची. अण्णा हे त्यांचं नाव नव्हे, आमच्यात वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात. आमची घराणी इथे किती पिढ्यांपासून आहेत ते कोणालाच नीट ठाऊक नाही. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर रुमाल धरतात. अण्णा माझ्या वडिलांचे मित्र. पदवी घेऊन आल्यावर वडिलांनी मला थेट त्यांच्या चेंबरात नेऊन बसवलं. तीन वर्षं मी त्यांच्या फायली उचलल्या, तारखा लिहिल्या, त्यांच्या मागे मागे पळाले. ते सांगायचे, “कागद आत येताना अडव गं. एकदा येऊन बसला की तुझा बापसुद्धा तो हलवू शकणार नाही.” मी ते वहीत लिहून घेतलं होतं. ती वही अजून आहे, आणि ती बघितली तरी माझं टाळकं फिरतं.

स्वतःची वकिली सुरू केल्यावर काही वर्षांनी ही सहीवाली बाई माझ्याकडे आली. आली म्हणण्यात अर्थ नाही, ती आमच्या घरचीच होती. जयनगरात एका घराच्या मागच्या खोलीत ती मशीन टाकून बसायची. साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. माझ्या आईचे सगळे ब्लाऊज तिच्या हातचे, माझ्या लग्नातलेसुद्धा. तिने लग्न केलं नव्हतं, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पण मी काळा कोट घातल्यापासून मला ‘वकीलअक्का’ म्हणायची. घर तिच्या वडिलांचं. त्यांनी मृत्युपत्रात ते धाकट्या मुलाला दिलं होतं आणि मुलीसाठी एक ओळ घातली होती: ती दुसरीकडे कायमची राहायला जात नाही तोवर मागच्या खोलीत राहील, तिला कोणी उठवायचं नाही. त्या एका ओळीवर ती उभी होती. दुसरं काही तिच्या नावावर नव्हतं.

भावाला घर पाडून बिल्डरला द्यायचं होतं. मागची खोली आडवी येत होती. त्याने बहिणीवर दावा लावला की ती बंगळुरूबाहेर होसकोटेला कायमची राहायला गेली होती, म्हणजे वडिलांची ती ओळ संपली. आता ती नुसती पाहुणी आहे आणि निघत नाही. पुरावा काय, तर बहिणीने लिहून दिलेला कागद. ‘मी होसकोटेला कायमची गेले आहे, खोली सोडली आहे, सध्या भावाच्या परवानगीने राहते, तो सांगेल तेव्हा निघेन.’ कानडीत टाइप केलेला, खाली तिची सही. आणि दाव्यासोबत जोडली होती ती त्याची झेरॉक्स.

होसकोटेला ती गेली होती, हे खरं. मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिचं करायला कोणी नव्हतं म्हणून चार महिने जाऊन राहिली. मशीन इथेच होतं, गॅस इथेच होता, दाराला तिचं कुलूप होतं. सहीही तिचीच, तेही खरं. वडील गेल्यावर घराचं करंटचं कनेक्शन भावाच्या नावावर करायचं होतं. त्याने तीन कागद आणले. दोन भरलेले, एक कोरा. “वरचं ऑफिसवाले भरतात, अक्का, तू खाली सही कर,” म्हणाला आणि बोट ठेवलं. तिने केली. आमच्यातल्या बायका भावाने बोट ठेवलेल्या जागी सही करतात. काय लिहिलंय म्हणून विचारणं म्हणजे त्याच्यावर आळ घेतल्यासारखं. शहाण्यासुरत्या, मापाला अर्धा इंच चुकू न देणाऱ्या बायका इथे येऊन आंधळ्या होतात. आपणच त्यांना तसं वाढवतो आणि वर भावाबहिणीच्या प्रेमाचं कौतुक करतो.

ती झेरॉक्स मी तिला दाखवली तेव्हा तिने चष्मा लावून ती उजेडात धरली. मी मजकूर वाचत होते, ती ओळींमधलं अंतर बघत होती.

“वकीलअक्का, वरच्या ओळी बघा, सैल आहेत. खाली येता येता कशा दाटल्यात. कापड कमी पडलं की आम्ही चुण्या दाबतो ना, तसं केलंय. सही आधीपासून होती, तिच्या वर बसवायचं होतं म्हणून.”

मी बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. शेवटची ओळ तिच्या सहीतल्या एका उंच वळणावर टेकलेली होती. मूळ कागद हाती आला असता, तर आधी शाई पडली की आधी टाइप झालं, हे तपासणाऱ्याला सांगता आलं असतं. झेरॉक्समध्ये दोन्ही काळं, दोन्ही सपाट. त्यात काही कळत नाही. म्हणजे अख्खा खटला त्या मूळ प्रतीवर होता. मी वहीत लिहिलं, ‘मूळ प्रत?’ आणि खाली दोन रेघा मारल्या.

भावाचे वकील अण्णा होते.

मला तेव्हाच फाईल दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवी होती. दिली नाही. उलट मनात कुठेतरी बरं वाटलं, की समोर आपलंच माणूस आहे, निदान लबाडी तरी होणार नाही. भावाच्या साक्षीच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या जिन्यात अण्णा भेटले. मी फायली एका हातात धरून, माझ्या अशिलादेखत, विरुद्ध बाजूच्या वकिलाला वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. बाई दोन पायऱ्या खाली उभी राहून हे बघत होती. आता वाटतं, खटला मी तिथेच हरले. वर कोर्टात जे झालं ते नुसतं टाइप करायचं राहिलं होतं.

अकराच्या पुढे आमचं पुकारलं. भाऊ पिंजऱ्यात, अण्णा एकेक कागद पुढे करतायत. मृत्युपत्र पी-एक झालं. महापालिकेतल्या घराच्या खात्याचा उतारा पी-दोन. मग कराच्या पावत्या, घराचे फोटो. सगळं सुरळीत, कोणाचीच हरकत नाही. मग ती झेरॉक्स वर आली.

न्यायाधीशांनी ती उलटसुलट केली. “धिस इज अ कॉपी?”

“ओरिजिनल बँकेच्या लॉकरात आहे, साहेब,” अण्णा म्हणाले. “पुढच्या तारखेला आणतो.”

मी उठायला लागले. अण्णांनी माझ्याकडे मान वळवली आणि आमच्या घरच्या कानडी मिसळलेल्या मराठीत, हळू आवाजात, अगदी मायेने म्हणाले, “स्वल्प सोडून दे गं पोरी. आपल्या-आपल्यात कागदावरनं कशाला भांडायचं? मी आणतो म्हटलं ना.”

मागून माझा कोट ओढला गेला. “बोला ना वकीलअक्का. ते खोटं आहे. बोला.”

ती कुजबुजली नव्हती. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे वकील हसले. माझे कान तापले. माझ्या अशिलाला कोर्टात कसं वागायचं कळत नाही आणि अण्णांसमोर माझी शोभा होतेय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी मागे वळून तिला म्हटलं, “गप्प बसा. कोर्टात असं बोलायचं नसतं.”

ती बसली.

न्यायाधीशांनी मला विचारलं, “येस, कौन्सेल?”

“सर, ते मूळ प्रत आणणार आहेत,” मी म्हणाले.

हे माझे शब्द. मी ते हजारदा आठवून बघितलेत, त्यात हरकत कुठेच नाही. विरुद्ध बाजूच्या वकिलाने दिलेला शब्द मीच कोर्टाला वाचून दाखवला, त्यांची ज्युनियर असल्यासारखी. न्यायाधीशांनी मान हलवली, टायपिस्टच्या बोटांचा आवाज झाला, शिक्का बसला. पी-सात. मी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि खाली बसताना अण्णांकडे बघून थोडी हसले. ते हसू मला अजून खातं.

पुढच्या तारखेला मूळ प्रत आली नाही. त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही. उलटतपासणीत मी भावाला विचारलं, तर तो म्हणाला, लॉकरात बघितलं, सापडत नाही. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग मी अर्ज केला की पी-सात पुराव्यातून काढा. अर्ज फेटाळला गेला, उशीर झाला म्हणून. माझ्या अशिलाला पिंजऱ्यात उभं केलं. अण्णांनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, “सही तुमची आहे ना?” ती खोटं बोलू शकत नव्हती. “सही माझी आहे, वरचं माझं नाही,” म्हणाली. टाइप झालं ते पहिलं वाक्य आधी आणि दुसरं नंतर, असं दोन ओळींत, आणि दोन्हींच्या मध्ये अण्णांनी एक दुसराच प्रश्न घातला. तेव्हा मात्र मी उठले, भांडले, ओळी जोडून घेतल्या. तोवर माझ्या भांडण्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

शेवटच्या युक्तिवादात मी तासभर बोलले. झेरॉक्सवर कोणाचं छप्पर काढून घेता येत नाही, मूळ प्रत दडवली आहे, दाटलेल्या ओळी बघा. आवाज चढला होता माझा. अण्णा शांतपणे उठले. त्यांनी पाच मिनिटंही घेतली नाहीत. म्हणाले, नकलेवर हरकत असेल तर ती नक्कल पुढे येते तेव्हाच घ्यावी लागते. त्याचं कारण साधं आहे. तेव्हा घेतली असती तर आम्ही मूळ प्रत शोधली असती, नाही सापडली तर ती कशी हरवली याचा पुरावा दिला असता. प्रतिवादीने तेव्हा तोंड उघडलं नाही आणि आता शेवटी येऊन आमचा पाय ओढते, हा आमच्यावर अन्याय आहे.

अन्याय! हा शब्द त्यांनी वापरला, माझ्याकडे बघून. आणि सगळ्यात संताप येतो तो याचा, की कायदा म्हणून ते बरोबर होते. शब्दन् शब्द बरोबर. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात तो लिहिलेला आहे. मला शिकवलेला नियम त्यांनी आधी मायेने माझ्याकडून मोडून घेतला आणि मग तोच माझ्यावर चालवला. पोरी म्हणाले मला. माझ्या डोक्यावर हात ठेवला होता या माणसाने.

निकालात ते वाक्य आलंच: दस्त दाखल होताना प्रतिवादीतर्फे कोणतीही हरकत घेतली गेली नाही. सही कबूल आहे. खोली रिकामी करून द्यावी.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये अण्णा माझ्या टेबलाशी आले. कॉफीचा पेला हातात. “मनाला लावून घेऊ नकोस. हा धंदा आहे. तू शिकशील.” मी म्हटलं, “लॉकर होता का हो, अण्णा?” त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला. मग म्हणाले, “अशील सांगतो ते आपण सांगतो.” आणि पेला घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेले. तिथल्या लोकांनी सरकून त्यांना जागा करून दिली. मी त्यानंतर त्यांना कधी नमस्कार केला नाही. आमच्या समाजाच्या कार्यक्रमात बायका मला म्हणतात, एवढा काय गं राग, म्हातारं माणूस आहे. म्हातारं माणूस आहे म्हणूनच राग आहे, असं सांगितलं तर त्यांना कळत नाही.

अपील करायचं तर मी वकील राहणं बरोबर नव्हतं. मी एक तरुण वकील शोधून दिली. पुण्याहून आलेली, महादेवपुऱ्यात राहणारी, हुशार, कामाला वाघीण. तिने सगळं रेकॉर्ड वाचलं आणि माझ्या ऑफिसात येऊन बसली. मी अशिलालाही बोलावून घेतलं होतं.

“मॅडम, एकच रस्ता आहे,” ती म्हणाली. “तुम्ही अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं. तुम्ही तेव्हा ओरली ऑब्जेक्ट केलं होतं, फक्त ते रेकॉर्ड झालं नाही. असं होतं ना कोर्टात, रोज होतं. तुमची प्रॅक्टिस एवढ्या वर्षांची, तुमच्यावर कोर्ट विश्वास ठेवेल.”

खरं सांगते, मी पेन हातात घेतलं होतं. मला लाज वाटली नाही. उलट आनंद झाला. अण्णांनी लॉकर बनवला, भावाने पत्र बनवलं, मग मी एक हरकत बनवली तर कोणाच्या बापाचं काय गेलं? एक वाक्य लिहायचं आणि बाईला तिची खोली परत मिळण्याची निदान शक्यता तरी. माझं पापही त्यात धुऊन निघालं असतं. तो मोठा मोह होता, बाईच्या खोलीपेक्षाही मोठा असेल कदाचित.

बाई इतका वेळ मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, “तुम्ही बोलला नव्हता, वकीलअक्का.”

आम्ही दोघी तिच्याकडे बघायला लागलो.

“मी बोलले होते. तुम्ही गप्प बसा म्हणालात, मी बसले. झालं ते तसं लिहा. त्यांनी माझ्या सहीवर खोटं लिहिलं म्हणून तर मी भांडतेय. आता तुमच्या सहीवर लिहून मला काय करायचंय?”

तिचा आवाज चढलेला नव्हता, पण ती रागावलेली होती. भावावर नाही, अण्णांवर नाही, माझ्यावर. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिने राग दाखवला आणि मला तो मुकाट्याने घ्यावा लागला. मी तसंच लिहिलं. माझ्या अशिलाने कागद दाखल होतानाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो खोटा असल्याचं सांगितलं. तिची वकील म्हणून मीच तिला गप्प बसवलं आणि स्वतः हरकत घेतली नाही. खाली सही केली.

वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. मला उठून उभं राहायला सांगितलं आणि हे सगळं खरं का म्हणून विचारलं. खरं आहे म्हटलं. त्यांनी ते तसंच टाइप करायला सांगितलं, आणि या वेळी मी मान वाकडी करून पडद्यावर बघितलं. शब्दन् शब्द आला होता. उपयोग झाला नाही. वकील हजर असताना पक्षकार मागून जे बोलतो, ती कायद्याने हरकत होत नाही. वकिलाची चूक पक्षकाराला भोगावी लागते. अपील फेटाळलं. खोली सोडायला तीन महिने दिले.

माणसाच्या तोंडून निघालेलं खरं, योग्य वेळी निघालेलं, अख्ख्या कोर्टाने ऐकलेलं, ते बोलणं नाहीच असं म्हणायचं, कारण त्याच्या अंगावर काळा कोट नव्हता! आणि ज्या बाईच्या अंगावर होता तिने काय दिवे लावले? मी हे तेव्हा घरी नवऱ्यापुढे ओरडून बोलले होते. तो बिचारा म्हणाला, “पण नियम तर पाहिजेत ना काहीतरी.” त्याच्यावरही चिडले. नियम पाहिजेत हे मला ठाऊक आहे. मी नियमावर कधीच चिडले नाही, मी तो पाळला नाही म्हणून चिडले आहे.

खोली सोडायच्या दिवशी मी गेले. तिने बोलावलं नव्हतं, तरी गेले. सामान थोडंच होतं. मशीन आधीच टेम्पोत चढवलं होतं, होसकोटेला मावशीच्या रिकाम्या घरात जायचं होतं. मावशी दोन वर्षांपूर्वीच गेली होती. म्हणजे पी-सातमध्ये लिहिलं होतं तेच झालं, ती कायमची होसकोटेला चालली होती. खोलीत भिंतीवर तिच्या मापांच्या पट्ट्यांचे खिळे तेवढे राहिले होते आणि फरशीत मशीनच्या पायांचे चार डाग.

भाऊ समोरच्या दारातून आला. हातात कागद आणि पेन. बिल्डरच्या माणसाला ताबा मिळाल्याचा कागद लागतो म्हणाला. “दोन ओळीच आहेत, अक्का. इथे खाली सही कर.” आणि त्याने बोट ठेवलं. त्याच सवयीने, अगदी सहज. मी तोंड उघडलं. आता मला कोणी थांबवणार नव्हतं, आता मी गल्ली गोळा केली असती. तिने माझ्याकडे न बघता हात वर केला, माझ्यासमोर, म्हणजे तुम्ही गप्प बसा.

तिने पिशवीतून चष्मा काढला आणि ओढणीने पुसला. कागद घेऊन उंबऱ्यावर उजेडात बसली आणि वाचायला लागली. दोनच ओळी होत्या, तिने पाचेक मिनिटं घेतली. भाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला.

“हे काय लिहिलंय? मी स्वखुशीने खोली सोडते?”

“अगं, तसं लिहायचंच असतं. फॉर्मच तसा आहे. स्वल्प—”

“मला हे मान्य नाही,” ती म्हणाली. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि तो शब्द खोडला, एका रेघेने, खालचा शब्द दिसेल असा. बाजूला कानडीत लिहिलं: कोर्टाच्या हुकमाने, माझ्या मर्जीविरुद्ध. मग शेवटची ओळ आणि सहीची जागा यांच्यामध्ये जी कोरी जागा होती, तिथे तिने डावीकडून उजवीकडे एक तिरपी रेघ ओढली, कोणाला नंतर एक अक्षरही घुसवता येणार नाही अशी. ही रेघ तिला मी शिकवली नव्हती. मग सही केली, खाली तारीख घातली, आणि वेळही.

भावाने कागदासाठी हात पुढे केला. तिने तो दिला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि उठली.

“चौकात दुकान आहे. तुला झेरॉक्स काढून देते,” ती म्हणाली. “मूळ माझ्याकडे राहील.”